मिनिटाला बहात्तर फेरे

४ फेब्रुवारी

ताई,

दोन वर्षांनी पत्र येतंय म्हणजे तू आधी तब्येतीचं विचारशील. ठीक आहे. डाव्या हाताची दोन बोटं नेहमीसारखी, म्हणजे नसल्यासारखी. तेहतीस वर्षांत त्यांची सवय झाली.

पत्राचं कारण आनंदाचं आहे. कंपनी माझ्या सुरुवातीच्या अकरा तबकड्या नव्याने काढते आहे. सगळ्या एका पेटीत, सोबत पुस्तिका, आणि पुस्तिकेवर माझा एकोणिसाव्या वर्षीचा फोटो. फोटोच्या कडेला तुझं कोपर आलं होतं. ते त्यांनी कापलं आहे, पण फार सफाईने, कळत नाही.

पहिली अर्थातच ‘गिरकी’. प्रस्तावना लिहिणारे समीक्षक म्हणतात की व्हायोलिनवर इतक्या वेगाने आणि इतकं स्वच्छ त्याआधी कुणी वाजवलं नव्हतं, त्यानंतरही नाही. हे तितकंसं बरोबर नाही. माझ्या नावाच्या स्पर्धेत सव्वीस वर्षांत एका मुलीने ती तीन मिनिटं अकरा सेकंदांत पुरी केली होती. पण मी दुरुस्ती सुचवत बसलो नाही. तू स्पर्धेला कधी आली नाहीस म्हणून सांगतो: अंतिम फेरीत प्रत्येकाला गिरकी वाजवावी लागते, आणि तबकडीवर मी घेतला तेवढ्याच वेळात, तीन अकरात, संपवावी लागते. एक सेकंद वर गेला की बाद.

आता काम. कंपनीत जुन्या तबकड्यांसाठी एक नवीन तंत्रज्ञ आला आहे. हुशार असावा, कारण त्रास देतो. त्याचं म्हणणं, गिरकी जवळजवळ दीड पट्टी वर ऐकू येते. पियानो त्या दिवशी मुद्दाम वर चढवला असेल तर ठीक; नसेल तर ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र हळू फिरत होतं आणि आता तबकडीही हळू फिरवायला हवी. तसं केलं तर माझी गिरकी तीन मिनिटं सत्तावीस सेकंदांची होते. तीन सत्तावीसमध्ये ती कुणाची मावशीसुद्धा वाजवेल.

साथीला तू होतीस. पुढे आयुष्यभर पियानो जुळवण्याचंच काम केलंस. तुझा शब्द तो मानेल. पियानो चढवलेला होता, एवढं लिहून पाठव. दोन ओळी पुरेत.

धाकटा

•

११ फेब्रुवारी

धाकट्या,

पेटी निघते आहे हे वाचून बरं वाटलं. कोपराचं काही नाही. मला तो फोटो आठवतो, बाही उसवलेली होती.

दीड पट्टी वर चढवलेला पियानो मी जन्मात एकदाच पाहिला. एका शाळेचा होता. गाण्याच्या बाईंना मुलांचे आवाज उंच हवे होते, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी तो ताणून घेतला. दुसऱ्या दिवशी सात तारा तुटल्या आणि आठव्या दिवशी बाईंची बदली झाली. तुझ्या दोन ओळी लिहायला बसले की तो पियानो डोळ्यांपुढे येतो.

मी नाही म्हणत नाहीये. अजून लिहिलेलं नाही, एवढंच.

परवा इथल्या संगीतशाळेत खालच्या सप्तकाच्या पट्ट्या अडकतात म्हणून गेले होते. शेजारच्या खोलीत एक विद्यार्थी गिरकी घोटत होता. मनगटाला पट्टा बांधला होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही, तीन सोळापर्यंत आलोय. दुखतं का विचारलं तर म्हणाला, दुखणं तीन वीसलाच सुरू होतं, तिथून पुढे सवय होते. तुझी बहीण आहे हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उठून उभा राहिला असता, आणि तेवढीच पाच मिनिटं त्याच्या हाताला विश्रांती मिळाली असती. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

ताई

•

२० फेब्रुवारी

आदरणीय बाई,

आपली ओळख नाही. जुन्या तबकड्या नव्या तबकड्यांवर उतरवून घेण्याचं काम मी करतो. सरांनी कळवलं आहे की गिरकीच्या दिवशी पियानो मुद्दाम वर चढवला होता आणि तसं आपण लेखी देणार आहात. ते पत्र यायच्या आत माझी अडचण आपल्या कानावर घालतो.

अकराही तबकड्या एकाच आठवड्यात, एकाच खोलीत, एकाच पियानोवर झाल्या. कंपनीच्या वहीत तशी नोंद आहे. त्यातल्या दहा नेहमीच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी फिरवल्या तर सुरात येतात. फक्त गिरकी वर जाते. वहीप्रमाणे तिच्याआधी एक तास आणि तिच्यानंतर पाऊण तासाने दुसऱ्या तबकड्या झाल्या आहेत. एका तुकड्यासाठी अख्खा पियानो दीड पट्टी चढवून पाऊण तासात पुन्हा खाली आणणारा माणूस त्या खोलीत असेल, तर मला त्याचं नाव हवं आहे. आमच्याकडचे जुळवणारे दोन दिवस घेतात.

मला सरांना खोटं पाडायचं नाही. लहानपणी मी याच तबकडीमुळे व्हायोलिन शिकायला बसलो आणि याच तबकडीमुळे सोडलं.

पंधरा मार्चला सगळं छापखान्याकडे जाईल. तोवर आपल्या दोघांकडून काही आलं नाही तर जुना वेग कायम राहील. आमच्या साहेबांचं मत आहे की लोकांना सवय झालेली चूक ही चूक राहत नाही. ते विक्री विभागातून आलेले आहेत.

आपला,
ध्वनितंत्रज्ञ

•

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तंत्रज्ञांचं पत्र आलं. मी लेखी देणार आहे हे तू त्यांना माझ्या आधीच कळवलंस. लहानपणीही असंच करायचास. मी हो म्हणायच्या आत माझ्या वतीने हो सांगून यायचास. मला राग आला नाही, कारण यावेळी माझ्याकडेही तुला न सांगितलेलं काही आहे.

तो दिवस तू मुलाखतींत सांगतोस. रेडिओवर मी दोनदा ऐकलंय. खोली भट्टीसारखी तापवलेली, कारण सुई ज्या मेणाच्या चकतीवर आवाज कोरते ते मेण गार झालं की ती ओरखडे काढते. भिंतीतून बाहेर आलेला भोंगा, त्याच्या तोंडाशी तू. पियानो खोक्यांवर चढवलेला, आणि मी जवळजवळ छताला. सगळं बरोबर सांगतोस. गिरकी तबकडीत मावत नव्हती, एवढंच सांगत नाहीस.

यंत्र चालवणारे गृहस्थ आठवतात का? सगळे त्यांना मेणवालेच म्हणायचे. त्यांनी घड्याळ लावून तुझी गिरकी दोनदा ऐकली. तीन सत्तावीस. म्हणाले, सोळा सेकंद जास्त होतात, मधला तुकडा दोनदा येतो तो एकदाच घ्या. तू म्हणालास, गाळणार नाही. त्यांनी समजावलं, सगळे गाळतात. तू व्हायोलिन पेटीत ठेवलंस, पेटीला कडी घातलीस आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलास. हे तुला आठवत असणार. आत काय झालं ते तुला माहीत नाही.

मी मेणवाल्यांना म्हटलं, हट्टी आहे, उद्यापासून येणारच नाही. ते म्हणाले, मग मेणालाच फसवावं लागेल. यंत्राचा वेग आवरणारा एक स्क्रू होता, तो त्यांनी पिळला. अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी चकती बहात्तर घेऊ लागली. हळू फिरली की तेवढ्याच मेणात जास्त वेळ मावतो. मग मी तुला आत बोलावलं आणि सांगितलं, मेणवाले कबूल झाले. तू माझे आभारही मानले नाहीस. तुला वाटलं, तुझ्या बाणेदारपणामुळे झाले.

निघताना त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. ‘ही बाजू बहात्तरवर वाजवावी असे लेबलावर छापणे.’ नमुन्याची तबकडी घरी येईल, पसंत पडली की होकारासोबत ही कचेरीत द्या, विसरू नका, म्हणाले.

मी विसरले नाही.

नमुना आला त्या दिवशी मी यंत्राचा वेग कमी करणार, तेवढ्यात तूच चावी दिलीस आणि सुई टेकवलीस. बाबा खुर्चीतून उठले. तुझं वाजवणं त्यांनी तोवर उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. बसूनही कमीच. तबकडी संपली तेव्हा तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू मला विचारलंस, “ताई, मी असा वाजवतो?”

मी हो म्हटलं.

मग तुला शंका आली. म्हणालास, पट्टी वर वाटते. मी म्हटलं, भोंग्यातून सगळंच किनरं येतं. सुराच्या बाबतीत मी खोटं बोलले ते तेवढंच. होकार कचेरीत गेला, चिठ्ठी माझ्याकडे राहिली.

पहिल्या तबकडीपुरतं चालेल, असं वाटलं होतं. पण मग प्रत्येक हॉलवाल्याला शेवटी गिरकी हवी झाली, आणि ती तबकडीतल्यासारखी. तू टिकटिक करणारं यंत्र पुढ्यात ठेवून बसू लागलास. तीन बावीस. तीन अठरा. गार पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून ठेवायचास. मी समोर पियानोवर बसलेली असायचे आणि रोज ठरवायचे, आज सांगू. मग लग्नाचं कारण काढून मी साथ सोडली. ताईला माझा वेग झेपेनासा झाला, असं तू एका मुलाखतीत म्हणालास. मी ते खोडलं नाही. सोयीचं होतं.

तुझा हात माझ्यामुळे गेला का, एवढं सांग. तेहतीस वर्षं मी ते दुसऱ्या कुणाला विचारू शकले नाही. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. त्या दोन ओळी मात्र माझ्या हातून होणार नाहीत.

ताई

•

३ मार्च

ताई,

पत्र पोचलं. चिठ्ठी कुणाला पाठवू नकोस.

हात कुणामुळे गेला हे तू पोस्टाने विचारतेस, आणि तेही पंधरा तारखेच्या आत. बघतो.

धाकटा

•

१० मार्च

ताई,

आठवडाभर तीन पत्रं लिहून फाडली. त्यातलं पहिलं फार चांगलं होतं. त्यात मी तुला माझ्या आयुष्याचं मातेरं केल्याबद्दल इतकं सुंदर झोडपलं होतं, की वाचून माझंच मला पटेना. कारण त्यात मी एक गोष्ट गाळली होती. कधी काही गाळलं नाही असा माझा लौकिक आहे, तेव्हा सांगतो.

मला माहीत होतं.

हात बंद पडला त्या वर्षी मला काम नव्हतं. एका दुपारी सूर लावायचा काटा टेबलावर आपटला आणि तबकडीसमोर धरला. मग यंत्राचा स्क्रू पिळत गेलो. बहात्तरवर काटा आणि तबकडी एक झाले. चहा गार होईपर्यंत बसून राहिलो. मग स्क्रू पुन्हा अठ्ठ्याहत्तरवर आणून ठेवला आणि यंत्रावर कापड घातलं.

मला वाटलं, कंपनीचं यंत्र त्या दिवशी मंद चालत असेल. तुझा यात हात असेल हे डोक्यातही आलं नाही. उलट वाटलं, ताईला हे कळलं तर तिला वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही. म्हणजे तेहतीस वर्षं आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून सांभाळत होतो. बाबांची एकही वस्तू आपण इतकी नीट सांभाळली नाही.

आणि पियानो चढवल्याचं मी तुझ्याकडून लिहून मागत होतो ते हे सगळं माहीत असताना. तेही झालंच.

स्पर्धा त्यानंतर सात वर्षांनी निघाली. तीन अकराचा नियम समितीचा. मी फक्त मान हलवली. मान हलवायला बोटं लागत नाहीत. का हलवली, तर मला ते कुणीतरी खरोखर वाजवलेलं ऐकायचं होतं. मी स्वतः तीन चौदाच्या खाली कधी आलो नाही. हॉलमध्ये कुणी घड्याळ लावत नाही म्हणून निभावलं. त्या एका मुलीने वाजवलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं. ती तिथे माझ्या तबकडीची नक्कल म्हणून उभी होती, आणि त्या खोलीत अस्सल एकटी तीच होती. बाकीच्यांची मनगटं मला दिसत होती. परीक्षकांच्या टेबलावरून मनगटंच दिसतात.

काल कंपनीत गेलो. तंत्रज्ञ माझ्या कल्पनेपेक्षा वयाने मोठा निघाला. मी आपला उगाच त्याला मनातल्या मनात कान धरून उभा करत होतो. त्याला म्हटलं, बहात्तरवर लावा. त्याने वेग उतरवून सुई टेकवली.

एकोणीस वर्षांचा एक मुलगा. बरा वाजवतो. मधल्या तुकड्यात एक सूर किंचित खाली लागतो, तो वेगात लपून जायचा. गज जरा जास्त दाबतो. आणि पियानो ऐकू येतो, ताई. अठ्ठ्याहत्तरवर तो पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा होता. मी श्वास घ्यायला कुठे थांबणार ते तुला माझ्याआधी कळत होतं, आणि तिथे तू जागा करून ठेवत होतीस. काट्याच्या त्या दुपारी मी फक्त पट्टी ऐकत होतो; हे मी बावन्न वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तंत्रज्ञाने विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, मुलाला पास करा.

आता तुझा प्रश्न. तू ती चिठ्ठी कचेरीत दिली असतीस तर लोक म्हणाले असते, बरा वाजवतो. मी कुठल्यातरी शाळेत व्हायोलिन शिकवत म्हातारा झालो असतो, दहाही बोटांनिशी. ते चांगलं झालं असतं की वाईट, हे मला ठरवता येत नाही. तुझ्यावर रागावलो आहे की नाही, तेही नाही. ठरलं की कळवतो.

चिठ्ठी तंत्रज्ञाला पाठव. मी माझ्याकडून सही करून आलो आहे.

धाकटा

•

१२ मार्च

तंत्रज्ञांस,

पियानो नेहमीच्या पट्टीत होता. मी तो वाजवला आणि त्या वेळी मला तेवढं कळत होतं. वेगाबद्दल माझ्या शब्दाची गरज नाही. सोबतची चिठ्ठी ज्यांनी लिहिली त्यांनीच तो स्क्रू पिळला होता. ती तुमच्या कचेरीत द्यायला मला बावन्न वर्षं उशीर झाला.

चिठ्ठी परत पाठवू नये.

तुम्ही व्हायोलिन सोडलंत असं लिहिलंत. पुन्हा धरायला हरकत नाही. तीन सत्तावीसमध्ये जमेल.

धाकट्याची बहीण

•

२ मे

धाकट्या,

दीड महिना झाला, तुझं काही नाही. ठरलं नसेल, असं धरून चालते.

पेटी आली. तंत्रज्ञांनी पाठवली. प्रस्तावना वाचली. तुझ्या समीक्षकांनी किती थोडक्यात काम भागवलंय. ‘इतक्या वेगाने त्याआधी कुणी वाजवलं नव्हतं’ याच्या जागी ‘इतक्या संयमाने त्याआधी कुणी वाजवलं नव्हतं’. त्यानंतरही नाही, हे तसंच ठेवलंय. पुढे तुझ्या वेगाची तीन पानं होती ना, ती आता तुझ्या शांतपणाची आहेत. मधल्या तुकड्यातला तो खाली लागलेला सूर त्यांच्या मते मुद्दाम खाली लावलेला आहे आणि त्यात तरुण कलावंताचा विषाद आहे. तुला तेव्हा विषाद होता का? मला तर तू जिन्यातून येऊन पाणी प्यायल्याचं आठवतं.

वर्तमानपत्रातही आलंय. त्यांच्या मते जुना वेग ही कंपनीने केलेली धंदेवाईक विकृती होती आणि तू ती अर्धं शतक मुकाट्याने सोसलीस. तंत्रज्ञ लिहितात, पेट्या संपल्या, दुसऱ्यांदा छापताहेत, आणि विक्रीवाले साहेब म्हणतात की सत्याला अखेर मागणी असतेच.

मला वाटलं होतं, तुझं नाव जाईल. भीतीने मी पेपर उघडत नव्हते. आता उघडते आहे, तर तू आधीपेक्षा मोठा झालायस. माझ्या हातून तुझं नुकसान करायचं म्हटलं तरी होत नाही असं दिसतं.

संगीतशाळेतल्या त्या विद्यार्थ्याचा पट्टा सुटला. पण तो आता इतका संथ वाजवतो, की मधे कुणी जेवून यावं.

तू जेवतोस ना वेळेवर?

ताई

•

२६ मे

ताई,

जेवतो. पत्राला उशीर झाला, कारण स्पर्धा होती. काल संपली.

समितीने नियम बदलला. मी म्हटलं होतं, नियमच काढून टाका. सचिव म्हणाले, सर, नियम काढला तर स्पर्धा कशाची? तेव्हा आता गिरकी तीन सत्तावीसच्या आत संपवली की बाद. एक सेकंद आधी संपली तरी. तीन अकरावाल्या त्या मुलीचं जुनं पारितोषिक परत घ्यायचं का, यावर तासभर चर्चा झाली. ते त्या काळच्या समजुतीनुसार दिलं गेलं होतं, असं इतिवृत्तात लिहून तिला माफ केलं.

अंतिम फेरीत पाच जण होते. चौघांनी गिरकी ओढली. एक तीन चाळीसला गेला, एक चार मिनिटांना. चार मिनिटांच्या गिरकीत कुणीही गिरकी घेत नाही, सगळे खुर्च्या शोधतात. टाळ्या खूप झाल्या. माझ्या शेजारच्या परीक्षकबाईंनी डोळे पुसले.

पाचवी एक मुलगी होती. कुठे शिकली, कुणाकडे, काही नाव घेण्यासारखं नाही. उभी राहिली आणि वाजवून मोकळी झाली. घाईत नाही, संथही नाही. त्या तुकड्याला जेवढं फिरायचं होतं तेवढा तो फिरला. मनगट सैल. मनगटं आता मी ओळखतो. तीन एकोणीस. घड्याळवाल्याने लाल फडकं वर केलं.

मी म्हटलं, पहिलं हिला द्यायचं. सचिव म्हणाले, सर, ते तुमच्याच तबकडीच्या विरुद्ध होईल. मी म्हटलं, तबकडी झाली तेव्हा मी तिथे हजर होतो. ते म्हणाले, हो सर, पण समितीकडे तबकडी आहे.

मी राजीनामा दिला. त्यांनी तो उभं राहून स्वीकारला. स्पर्धेला नाव माझंच राहणार आहे. त्याला माझी संमती लागत नाही, असं कळलं.

बाहेर ती मुलगी कोटाची बटणं लावत होती. मला बघून विचारलं, “माझं काय चुकलं?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, मग बाद का? मी तिला सगळं सांगायला लागलो, मेण, स्क्रू, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे तुमच्या ताईंनी तेव्हा चिठ्ठी दिली असती तर मी आज पहिली आले असते? मी हिशेब करून बघितला. म्हटलं, नाही, मग ही स्पर्धाच नसती. तिला ते पटलं. मला वाटतं, मलाही.

पुढच्या महिन्यात तिचा एक लहानसा कार्यक्रम आहे, शंभरेक खुर्च्यांचा. साथीला कुणी नाही. होता तो पियानोवाला गेला, कारण आता सगळे संथ वाजवतात आणि ही ऐकत नाही. तुझ्यापासून दोन स्टेशनांवर राहते. मी तुझा पत्ता दिला आहे. तू म्हणशील, मी आता फक्त पियानो जुळवते. जुळवून झाल्यावर तू तो वाजवून बघतेस आणि शाळेतले शिक्षक दाराबाहेर उभे राहतात, हे मला त्याच शाळेतून कळलंय.

तिने विचारलं, ताई कशा आहेत. मी म्हटलं, माझ्या एका हट्टापायी त्यांनी अख्खं यंत्र हळू करायला लावलं होतं.

मंगळवारी येईल. गिरकी सोडली तर बाकी सगळ्यात ती जरा घाई करते. सांभाळून घे.

धाकटा